‘डीडीवर मॅच दाखवणं सक्तीचं आहे’: फिरत्या मेसेजमध्ये खरं किती?

भारताची मालिका तोंडावर आली की एक मजकूर मोबाइलवर हमखास फिरायला लागतो. त्याचा मथितार्थ असा: २००७ च्या कायद्याने भारताची प्रत्येक मॅच फुकट दाखवणं बंधनकारक आहे, तुमचा केबलवाला डीडीवरची मॅच मुद्दाम अडवतो, त्याला एक कोटीचा दंड होऊ शकतो, १९९५ मध्येच सर्वोच्च न्यायालयाने सामने जनतेचे ठरवले, परदेशात तर सगळं फुकटच असतं. यामागचा राग रास्त आहे. ज्या घरात वर्षानुवर्षं दूरदर्शनवर क्रिकेट बघितलं गेलं, तिथे आज दर महिन्याला पैसे मोजावे लागतात. पण या मजकुरामुळे लोक केबलवाल्याशी भांडत बसतात आणि अडचण जिथे आहे तिकडे कुणाचं लक्षच जात नाही. म्हणून एकेक मुद्दा घेऊ.

‘प्रत्येक मॅच फुकट दाखवणं बंधनकारक आहे’

कायदा आहे. जानेवारी २००७ मध्ये वेस्ट इंडिजविरुद्धची नागपूरची एकदिवसीय मॅच दूरदर्शनला मिळाली नाही. प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेलं आणि पुढच्या मॅच सात मिनिटं उशिराने दाखवायचा तोडगा निघाला. त्यानंतर सरकारने फेब्रुवारीत अध्यादेश काढला आणि मार्चमध्ये त्याचा कायदा झाला. त्याच्या कलम ३ प्रमाणे ‘राष्ट्रीय महत्त्वाची’ स्पर्धा कुणी केबलवर किंवा डीटीएचवर थेट दाखवणार असेल, तर त्याच वेळी तो सिग्नल, स्वतःच्या जाहिराती काढून, प्रसार भारतीला, म्हणजे दूरदर्शन आणि आकाशवाणी चालवणाऱ्या संस्थेला, द्यावा लागतो.

राष्ट्रीय महत्त्वाची स्पर्धा कोणती, हे केंद्र सरकार राजपत्रात जाहीर करतं. यादीत नाव नसेल तर कायदा लागू होत नाही. ऑलिंपिक, एशियाई आणि राष्ट्रकुल स्पर्धा यादीत आहेत. भारतीय पुरुष संघाचे एकदिवसीय आणि टी-ट्वेंटी सामने आहेत. कसोटी सरसकट नाहीत. सरकारला ज्यांत लोकांना जास्त रस आहे असं वाटेल तेवढ्याच. फुटबॉल विश्वचषकातले उद्घाटनाचा सामना, उपांत्यपूर्व, उपांत्य आणि अंतिम सामने आहेत, साखळीतले बाकीचे नाहीत. आयपीएल यादीत नाहीच. त्यामुळे ‘आयपीएल डीडीवर का नाही’ या तक्रारीला या कायद्यात आधार नाही.

‘केबलवाला मुद्दाम अडवतो’

सगळ्यात जास्त गैरसमज इथेच आहे, आणि तो होणं साहजिक आहे. डीडीची ठरावीक चॅनल दाखवणं केबलवाल्याला १९९५ च्या केबल कायद्यातल्या कलम ८ ने सक्तीचं आहे. मग डीडीवर मॅच असेल तर ती केबलवरही दिसायला हवी, असं कुणालाही वाटेल. २०१५ पर्यंत बहुतेक ठिकाणी दिसतही होती.

हक्क विकत घेतलेल्या कंपन्यांचं आणि बीसीसीआयचं म्हणणं वेगळं होतं. कलम ३ मध्ये प्रसार भारतीने तो सिग्नल ‘आपल्या’ भूस्थित प्रक्षेपणावर (जमिनीवरच्या मनोऱ्यावरून अँटेनाला मिळणाऱ्या) आणि ‘आपल्या’ डीटीएचवर दाखवावा असे शब्द आहेत. त्यात खासगी केबल येत नाही, खासगी डीटीएचही येत नाही. फेब्रुवारी २०१५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने हे मान्य केलं. त्या वर्षीच्या विश्वचषकापुरती स्थगिती मिळाली, पण २२ ऑगस्ट २०१७ ला सर्वोच्च न्यायालयानेही तोच अर्थ कायम केला. विकत घेतलेला हक्क काढून दुसऱ्याला देणारा कायदा त्याच्या शब्दांपुरताच वाचायचा, हे त्यामागचं सूत्र. केबलवर तीच मॅच डीडीच्या चॅनलवर फुकट मिळाली तर शेजारचं पैसे देऊन घ्यायचं चॅनल कोण घेणार, हा कंपन्यांचा युक्तिवाद न्यायालयाने ग्राह्य धरला.

याचा परिणाम घरात असा दिसतो. एकाच इमारतीत, एकाच क्षणी दोन टीव्ही सुरू आहेत. एक फ्री डिशवर, म्हणजे दूरदर्शनच्या स्वतःच्या फुकट डीटीएचवर, दुसरा केबलवर. दोन्हींवर डीडीचं तेच चॅनल लावलंय. फ्री डिशवर विसावं षटक चाललंय आणि केबलवर भलताच कार्यक्रम. केबलवाल्याने काही बदललेलं नाही. दूरदर्शनच दोन वेगळे प्रवाह पाठवतं: एक स्वतःच्या फ्री डिशसाठी, दुसरा केबल आणि खासगी डीटीएचसाठी. केबलच्या हेडएंडला, म्हणजे जिथून केबलवर चॅनल सोडली जातात त्या केंद्राला, मिळतो तो दुसरा, आणि त्यात मॅच नसतेच. फ्री डिशचा सिग्नल घेऊन तो केबलवर सोडायला केबलवाल्याला सांगणं म्हणजे त्याला न्यायालयाच्या निकालाविरुद्ध वागायला लावणं.

‘केबलवाल्याला एक कोटी दंड’

एक कोटी ही कलम ४ मधली कमाल रक्कम आहे. सिग्नल वाटून घेण्याच्या अटी मोडल्या तर ती लागू होते. कलम ३ चं बंधन हक्क असणाऱ्यावर आणि प्रसारण कंपनीवर आहे. गल्लीतल्या केबलवाल्याचा त्याच्याशी संबंध नाही.

‘कंपन्यांना एक पैसाही मिळत नाही’

कंपन्यांच्या बाजूने बोलणारेही एक वाक्य पुढे ढकलतात: सरकार सिग्नल फुकट उचलतं. हेही बरोबर नाही. दूरदर्शन त्या मॅचमध्ये स्वतःच्या जाहिराती लावतं आणि त्या उत्पन्नातला किमान ७५ टक्के वाटा हक्क असणाऱ्याला जातो. प्रसार भारतीकडे २५ राहतात. रेडिओसाठी हे प्रमाण निम्मं-निम्मं आहे.

‘फ्री डिशवर दिसतच नाही’

इथे कायद्याचा प्रश्न नाही, जोडणीचा आहे. मासिक शुल्क नसतं. एकदा डिश, एलएनबी (डिशच्या पुढे दांडीवर बसणारा, सिग्नल पकडणारा भाग) आणि सेट टॉप बॉक्स घेतला की झालं. अडतं ते या गोष्टींमुळे:

डिश जीसॅट-१५ या उपग्रहाकडे, ९३.५ अंश पूर्वेकडे रोखलेली हवी. मुंबई-पुण्याहून हा उपग्रह आग्नेयेला, जमिनीपासून साधारण ५८ अंश वर येतो; नागपूरहून किंचित दक्षिणेकडे सरकलेला आणि ६० अंशांच्या आसपास. घरगुती डिश ऑफसेट प्रकारची असते, म्हणजे तिचं तोंड दिसतं त्यापेक्षा वीस-पंचवीस अंश वर ती ‘बघते’. त्यामुळे नवखा माणूस ती आकाशाकडे फार उताणी करतो आणि सिग्नल शून्य येतो. ती दिसायला बरीच उभी राहिली पाहिजे. खासगी डीटीएचची जुनी डिश चालते, पण दुसऱ्या उपग्रहाकडे रोखलेली असेल तर वळवावी लागते. त्या कंपनीचा बॉक्स मात्र कामाला येत नाही.

बॉक्स जुन्या एमपेग-२ या चित्र-पद्धतीचा असेल तर एमपेग-४ या नव्या पद्धतीत येणारी चॅनल त्यावर दिसत नाहीत. यादीत नाव येतं आणि पडदा काळा राहतो. फ्री डिशवरच्या जागांचा लिलाव होतो आणि चॅनलच्या जागा बदलतात, खासकरून १ एप्रिलच्या सुमारास. तेव्हा बॉक्स पुन्हा स्कॅन करावा. सिग्नल येतो-जातो असं झालं तर आधी एलएनबीकडचा एफ-कनेक्टर, म्हणजे वायरच्या टोकाची पिळायची धातूची पिन, उघडून बघा: बाहेरच्या जाळीची एखादी तार मधल्या तांब्याच्या तारेला टेकलेली असते. मुसळधार पावसात चित्र थांबणं हा केयू बँडचा, म्हणजे डीटीएच ज्या लहरींवर चालतं त्यांचा, स्वभाव आहे, त्यावर घरी इलाज नाही.

छपरावरची जुनी काठीची अँटेना आता उपयोगाची नाही. दूरदर्शनची अॅनालॉग प्रक्षेपण केंद्रं जवळपास सगळी बंद झाली. म्हणजे कायद्यातल्या दोन वाटांपैकी भूस्थित प्रक्षेपणाची वाट बहुतेक गावांत नावापुरतीच उरली आहे. फ्री डिश नसेल तर हक्क कागदावरच राहतो.

‘१९९५ ला न्यायालयाने सामने जनतेचे ठरवले’

१९९३ च्या हिरो कप या क्रिकेट स्पर्धेच्या प्रक्षेपणावरून झालेल्या वादातून तो निकाल आला. ‘प्रक्षेपणाच्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे’ हे त्यात आहेच. पण त्याच आधारे न्यायालयाने म्हटलं की सरकारचीही त्यावर मक्तेदारी नको, नियंत्रण स्वायत्त संस्थेकडे हवं. खासगी वाहिन्यांना सामने दाखवायची वाट त्याच निकालाने रुंद केली. अर्धं वाक्य उचलून उलटा अर्थ काढणं बरोबर नाही.

‘अॅपवर फुकट होतं, मग आता पैसे कसे घेतात?’

२०२३ चं आयपीएल आणि त्या वर्षीचा एकदिवसीय विश्वचषक मोबाइलवर फुकट होता. तो कंपन्यांचा व्यापारी निर्णय होता, म्हणून त्यांना तो बदलताही आला. कलम ३ केबल आणि डीटीएचवरच्या प्रक्षेपणाबद्दल बोलतं, इंटरनेटबद्दल नाही. उद्या एखादी मालिका टीव्हीवर न येता फक्त अॅपवर गेली, तर सिग्नल मागायला दूरदर्शनकडे आज स्पष्ट आधार नाही. आम्हाला सगळ्यात जास्त काळजी याची वाटते.

‘परदेशात सगळं फुकट’

नाही. ब्रिटनमध्येही यादीच आहे. १९९८ मध्ये इंग्लंडच्या घरच्या कसोटी कडक यादीतून, म्हणजे थेट प्रक्षेपण सगळ्यांना फुकट मिळावं अशा यादीतून, खाली आल्या. २००५ ची अॅशेस चॅनल ४ वर सगळ्यांना दिसली, २००६ पासून त्या कसोटी पैसे भरून बघायच्या स्काय वाहिनीकडे गेल्या. ऑस्ट्रेलियातही यादी आहे आणि तिच्यावरून वाद होतच असतात.

पैसे भरून बघायचंच असेल तर पूर्ण पॅक घ्यायची गरज नाही. २०१९ पासून ट्राय या दूरसंचार नियामकाच्या नियमांनुसार कुठलंही पे चॅनल सुटं घेता येतं. त्याची कमाल किंमत जाहीर असते, वर १८ टक्के जीएसटी. मालिका संपली की ते चॅनल काढायला सांगा.

तक्रार करायचीच तर ती केबलवाल्याकडे नको, माहिती आणि प्रसारण मंत्रालयाकडे करा, आणि आपल्या खासदाराकडे. मागणी नेमकी ठेवा. २०१८ मध्ये मंत्रालयानेच एक दुरुस्तीचा मसुदा लोकांच्या सूचनांसाठी मांडला होता: ज्या नेटवर्कवर डीडीची चॅनल दाखवणं सक्तीचं आहे, तिथेही हा सिग्नल जावा. तो कायदा झाला नाही. कंपन्यांचं वर्गणीचं नुकसान हा आक्षेप खरा आहे, पण तो ७५-२५ चं प्रमाण बदलून सोडवता येईल. त्या मसुद्यात इंटरनेटवरचं थेट प्रक्षेपणही जोडावं, आणि कोणत्या कसोटी डीडीवर येणार हे मालिकेच्या आधी जाहीर करावं.