रिकाम्या जागी शून्य भरावं का? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. पॉवर बीआय या रिपोर्ट बनवण्याच्या साधनात टेबलं जोडताना येणाऱ्या रिकाम्या नोंदींवरच्या माझ्या लेखावर तुम्ही तीन आक्षेप घेतलेत, ते असे. एक, मर्ज केल्यावर (दोन टेबलं समान रकान्यावरून जोडल्यावर) आलेल्या प्रत्येक नलच्या, म्हणजे रिकाम्या मूल्याच्या, जागी शून्य टाकलं की काम होतं. दोन, पॉवर बीआय ब्लँकला, म्हणजे रिपोर्टमधल्या रिकाम्या मूल्याला, तसंही शून्यच मानतं. आणि तीन, न जुळणाऱ्या नोंदी नकोच असतील तर सरळ इनर जॉइन (दोन्ही टेबलांत जुळणाऱ्या नोंदीच ठेवणारी जोडणी) वापरावा. पहिल्यात थोडं तथ्य आहे. उरलेले दोन मात्र रिपोर्टचे आकडे चुकवतील, म्हणून सविस्तर लिहितो.

तथ्य कुठे आहे? एखाद्या दुकानात त्या महिन्यात खरोखर विक्रीच झाली नसेल, तर तिथे शून्य हेच बरोबर उत्तर. पण मर्जनंतर दिसणारा नल बहुतेक वेळा हे सांगतच नाही. तो एवढंच सांगतो की किल्ली, म्हणजे ज्या रकान्यावरून टेबलं जोडली त्यातलं मूल्य, जुळली नाही. का जुळली नाही, ते आपण शोधायचं असतं.

जीएसटीचे राज्य कोड घ्या. विक्रीच्या सीएसव्ही फाइलीत दिल्लीचा कोड ०७ आहे. फाइल उघडताच पॉवर क्वेरी (पॉवर बीआयमधला डेटा आणून साफ करण्याचा भाग) स्वतःहून रकान्याचा प्रकार बदलणारी ‘चेंज्ड टाइप’ची पायरी घालतं आणि ०७ चा ७ होतो. राज्यांच्या मास्टरमध्ये, म्हणजे कोड आणि नावांच्या मूळ यादीत, तो ‘०७’ असा टेक्स्ट आहे. आता टाइप जुळवायला विक्रीचा रकाना पुन्हा टेक्स्ट केलात, तरी ‘७’ आणि ‘०७’ जुळत नाहीत. महाराष्ट्र २७, गोवा ३०, गुजरात २४ व्यवस्थित येतात, म्हणून रिपोर्ट वरवर ठीक दिसतो. गळतात ती फक्त ०१ ते ०९ ची राज्यं. इथे शून्य भरणं म्हणजे दिल्लीत विक्री झालीच नाही असं लिहून देणं. उपाय सोपा आहे: ती आपोआप आलेली पायरी काढा, दोन्ही बाजूंचा रकाना टेक्स्ट ठेवा आणि टेक्स्ट.पॅडस्टार्ट या फंक्शनने पुढे शून्य लावून दोन अंकी करा. कोडमध्ये अक्षरंही असतील तर ट्रिम (कडेच्या मोकळ्या जागा काढणं) आणि अपरकेस (सगळी मोठी अक्षरं) दोन्हीकडे लावा, कारण पॉवर क्वेरीचा मर्ज लहान-मोठी अक्षरं वेगळी मानतो.

दुसरं कारण मास्टरमध्ये असतं. दादरा-नगर हवेली आणि दमण-दीव २६ जानेवारी २०२० रोजी एकत्र झाले. पुढे जीएसटीतही दमण-दीवचा २५ जाऊन २६ उरला. आजचं मास्टर घेऊन २०१८ ची बिलं जोडलीत तर २५ ला जोडीदारच सापडत नाही. बिलावरचा कोड बदलू नका. मास्टरमध्ये २५ ची ओळ ठेवा आणि शेजारच्या ‘रिपोर्टमधलं नाव’ या रकान्यात दोन्हींना एकच नाव द्या.

मूळ लेखात एक गोष्ट राहून गेली होती, ती इथे जोडतो. एसक्यूएल या डेटाबेसच्या भाषेत नल नलला जुळत नाही. पॉवर क्वेरीच्या मर्जमध्ये जुळतो. एक्सेलमधून आलेल्या मास्टरच्या तळाशी दोन रिकाम्या ओळी राहिल्या आणि विक्रीत ३०० बिलांचा कोड रिकामा असला, तर जोडलेलं टेबल एक्सपांड केल्यावर (उलगडल्यावर) त्या ३०० च्या ६०० ओळी होतात आणि तेवढी विक्री दुप्पट. म्हणून मर्जच्या आधी मास्टरमधल्या रिकाम्या ओळी काढा आणि मर्जच्या आधीची व नंतरची ओळींची संख्या आणि विक्रीची बेरीज ताडून पाहा.

आता ‘ब्लँक म्हणजे शून्यच’. डॅक्स या पॉवर बीआयच्या सूत्रभाषेत ब्लँक अधिक ५ म्हणजे ५, हे खरं. पण पॉवर क्वेरीत नल अधिक ५ म्हणजे नल. दोन रकान्यांची बेरीज तिथेच नाहीशी होते. डॅक्समध्येही ॲव्हरेज ब्लँक सोडून देतं, शून्य मात्र मोजतं. पाच शाखांचे आकडे ४०, ६०, रिकामा, ८०, रिकामा असतील तर सरासरी ६०. शून्य भरलंत की ३६. दोन शाखांचा डेटा अजून आलाच नसेल तर ३६ हा आकडा खोटा आहे. मेजरच्या (रिपोर्टमधला आकडा काढणाऱ्या डॅक्स सूत्राच्या) शेवटी ‘+ ०’ लावण्याची पळवाटही महागात पडते: २०० दुकानं आणि १,००० वस्तू असतील तर विक्री असो-नसो, २ लाख जोड्या मोजल्या जातात आणि मॅट्रिक्स (रिपोर्टमधला तक्ता) रखडतो.

माझी शिफारस अशी. विक्रीवरून मास्टरकडे लेफ्ट अँटी मर्जची (मास्टरमध्ये जोडीदार नसलेल्या विक्रीच्या ओळीच देणारी) वेगळी क्वेरी करा आणि तिची यादी रिपोर्टच्या एका पानावर उघड दाखवा. ती रिकामी होईपर्यंत शून्य भरू नका. मुख्य क्वेरीत लेफ्ट आउटर ठेवा, म्हणजे विक्रीची प्रत्येक ओळ राहते. राज्याच्या नावाच्या जागी आलेल्या नलला ‘मास्टरमध्ये नाही’ असं लिहा, आकड्यांचे नल तसेच राहू द्या. व्यवहारच झाला नाही याची खात्री असेल तिथे त्या एका मेजरमध्ये कोअलेस (ब्लँकच्या जागी दिलेलं मूल्य टाकणारं फंक्शन) वापरा.

इनर जॉइनने गोंधळ दिसेनासा होतो, पण त्याबरोबर विक्रीही जाते. एकूण आकडा कमी होतो आणि का, याचा माग उरत नाही. टेबलं मर्ज न करता मॉडेलमध्ये जोडली, तर नेहमीच्या एक-ते-अनेक रिलेशनशिपमध्ये (मास्टरची एक ओळ, विक्रीच्या अनेक) न जुळलेली विक्री निदान ‘ब्लँक’ नावाच्या ओळीत दिसते. डायरेक्टक्वेरीत (डेटा आयात न करता थेट स्रोतातून वाचताना) रिलेशनशिपच्या ‘अझ्यूम रेफरेन्शियल इंटिग्रिटी’ या पर्यायावर टिक असेल तर तिथेही इनर जॉइनच चालतो. तुमच्या मॉडेलमध्ये ती टिक असेल तर काढा आणि राज्यनिहाय बेरीज पुन्हा पाहा. आकडा वाढला, तर वाढलेली रक्कम कोणत्या कोडांची आहे ते लेफ्ट अँटीच्या यादीत सापडेल.