मावशी, त्या पट्टीवर शेक देऊ नकोस

गेल्या रविवारी मावशीकडे गेले तर ती डाव्या बरगडीवर पट्टी चिकटवून, त्यावरून स्वयंपाकघरातलं प्लास्टिक गुंडाळून आणि वर गरम पाण्याची रबरी पिशवी ठेवून निजलेली. आदल्या दिवशी सकाळी लावलेली पट्टी अजून अंगावरच होती. "अगं, डॉक्टरांनीच दिलीय ही," म्हणाली. पट्टी डॉक्टरांनी दिली होती हे खरंच. बाकीचा सगळा कारभार भजनी मंडळाच्या ग्रुपवर आलेल्या मेसेजचा.

मावशी ७१ वर्षांची आहे. चैत्रात तिला नागीण झाली. फोड वाळून खपल्या पडल्या, पण जळजळ राहिली. साडीचा पदर नुसता घासला तरी कळ येते. तिच्या डॉक्टरांनी ५ टक्के लिग्नोकेनची, म्हणजे बधिर करणाऱ्या औषधाची, पट्टी लिहून दिली आणि ते योग्यच केलं. मी स्वतः डॉक्टर नाही. मी औषधाच्या दुकानात काउंटरमागे उभी असते, फार्मसी शिकले आहे आणि खोक्यात घडी करून ठेवलेला तो बारीक अक्षरांचा कागद वाचायची मला सवय आहे. या औषधाचा अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या सरकारी औषध-नियंत्रण खात्याने, मंजूर केलेला कागद नेटवर कुणालाही वाचता येतो. खालचे बहुतेक आकडे त्यातलेच आहेत.

मेसेजचा मथळा असा: "नसांच्या दुखण्यावर जर्मन चमत्कार! गोळ्या कायमच्या बंद!!" पुढे हात जोडलेली आठ चित्रं. औषध जर्मन नाही, स्वीडनचं आहे. १९४३ मध्ये तिथल्या निल्स लोफग्रेन यांनी ते बनवलं. दातांचे डॉक्टर हिरडीत टोचतात तेच हे. पण ते जाऊ दे, मुद्द्यांकडे वळू.

पहिला मुद्दा वाचून मी खुर्चीतून उठलेच. "नागिणीचं तोंड आणि शेपूट जुळायच्या आत मधोमध ही पट्टी लावा, विळखा तिथेच थांबतो." म्हणजे आजीच्या काळची भीती आणि एकविसाव्या शतकातलं औषध यांची अशी गाठ मारलीय की दोन्हीचा अपमान व्हावा. आमच्या आजीच्या गावात नागिणीवर गेरूच्या रेघा ओढायचे आणि कुणीतरी पुटपुटत ती उतरवायचं. गेरूने निदान रक्तात तरी काही जात नव्हतं.

नागीण हा साप नाही. लहानपणी कांजिण्या झाल्या की त्यांचा विषाणू मणक्याजवळच्या मज्जातंतूंच्या गाठीत वर्षानुवर्षं निजून राहतो आणि वय वाढलं, प्रतिकारशक्ती ढिली पडली की त्या एका नसेच्या वाटेने कातडीवर येतो. म्हणून फोडांचा पट्टा अंगाच्या एकाच बाजूला उठतो आणि सहसा मधली रेषा ओलांडत नाही. तोंड-शेपूट जुळायचा प्रश्न येतो कुठून? आणि लिग्नोकेन विषाणूला काहीही करत नाही. विषाणूवरच्या गोळ्या वेगळ्या असतात, ॲसायक्लोव्हिरसारख्या, आणि पुरळ उठल्यापासून ७२ तासांच्या आत सुरू केल्या तर त्यांचा खरा उपयोग होतो. पट्टी लावून "बघू, थांबतोय का विळखा" म्हणत बसलेल्या माणसाचे नेमके तेच तीन दिवस वाया जातात. पुरळ कपाळावर किंवा डोळ्याजवळ असेल तर एक दिवससुद्धा घालवू नये, तिथे नजरेचा प्रश्न असतो.

शिवाय फुटलेल्या, ओल्या फोडांवर ही पट्टी लावायचीच नसते. कागदात स्पष्ट लिहिलंय: फक्त धड कातडीवर. कातडी उघडी किंवा सुजलेली असेल तर औषध जास्त प्रमाणात रक्तात जाऊ शकतं. हे मी मावशीला सांगत असताना ती जरा गप्प झाली. मग कळलं की शेजारच्या काकूंना परवाच नागीण उठलीय आणि मावशी त्यांना आपल्या खोक्यातली एक पट्टी नेऊन देणार होती. काकूंच्या मुलाला मी तिथूनच फोन केला. संध्याकाळी त्यांच्या गोळ्या सुरू झाल्या.

दुसरा मुद्दा: "वरून प्लास्टिक गुंडाळून शेक द्या, औषध हाडापर्यंत जातं." शेकाने कातडीखालच्या रक्तवाहिन्या रुंदावतात. औषध हाडात जात नाही, रक्तात जातं. कागद प्रामाणिकपणे सांगतो की पट्टीवर हीटिंग पॅड किंवा इलेक्ट्रिक ब्लँकेट ठेवून नीट अभ्यास झालेला नाही, पण रक्तातलं प्रमाण वाढू शकतं, तेव्हा ठेवू नका. लिग्नोकेन रक्तात जास्त झालं की ओठ-जीभ बधिर होतात, तोंडाला धातूची चव येते, कानात गुणगुणतं, गरगरतं. त्यापुढे झटके येतात आणि हृदयाचे ठोके बिघडतात. २००७ मध्ये एफडीएला जाहीर इशारा द्यावा लागला होता. २२ आणि २५ वर्षांच्या दोन मुलींनी लेझरने केस काढण्याआधी पायांना बधिर करणारं क्रीम फासलं आणि सांगितल्याप्रमाणे वर प्लास्टिक गुंडाळलं. दोघी दगावल्या. ते क्रीम होतं, जास्त ताकदीचं होतं आणि दोन्ही पायांभर लावलेलं होतं; मावशीच्या पट्टीने तसंच होईल असं मी म्हणत नाही. पण "प्लास्टिक गुंडाळा" हा सल्ला हसत हसत पुढे ढकलणाऱ्यांना एवढं माहीत असावं. आणि नागिणीनंतर त्या जागेची जाण आधीच विस्कटलेली असते, कुठे फुंकरही सोसत नाही तर कुठे चटका कळत नाही. तिथे उकळत्या पाण्याची पिशवी?

तिसरा: "२४ तास ठेवा, जास्त वेळ जास्त आराम." नाही. १२ तास लावायची, १२ तास काढून ठेवायची. एका वेळी जास्तीत जास्त तीन. यकृताचा मोठा आजार असेल किंवा हृदयाच्या ठोक्यांसाठी गोळ्या चालू असतील तर आधी डॉक्टरांना सांगायचं.

चौथा: "बोट लावून बघा, जागा बधिर झाली नाही तर पट्टी नकली, दुसरी लावा." हे दुकानातही रोज ऐकते. गिऱ्हाईक पट्टी परत घेऊन येतं: कातडीला सगळं कळतंय हो! कळणारच. दुखावलेली नस उगाच संदेश पाठवत असते तिला शांत करण्यापुरतंच औषध यातून मिळतं, दाताच्या इंजेक्शनासारखी जागा लाकूड होत नाही. बधिर झाली नाही म्हणून पट्टीवर पट्टी चढवत जाणं हा सरळ धोका आहे.

मेसेज पुढे म्हणतो, सायटिका, मान, गुडघे, साखरेच्या आजाराने जळजळणारे पाय, सगळ्याला हीच पट्टी. सगळ्याला एकच? एफडीएची मंजुरी नागिणीनंतरच्या दुखण्यापुरती आहे. बाकी ठिकाणी काही डॉक्टर विचार करून देतात, तो त्यांचा प्रश्न. मणक्यात दबलेल्या नसेपर्यंत ती पोचत नाही. आणि गोळ्या बंद करण्याबद्दल: नसांच्या दुखण्यावरची प्रीगाबालिन गोळी चालू असेल तर ती एकदम तोडायची नसते, हळूहळू उतरवायची असते.

आता दोन गोष्टी मेसेजमध्ये बरोबर आहेत, मान्य करते. पट्टी कात्रीने कापून छोटी करता येते. मागचा कागद सोलायच्या आधी कापायची. आणि "रक्तात जवळपास काही जात नाही" हेही सांगितल्याप्रमाणे वापरली तर बरंचसं खरं आहे. पट्टीत ७०० मिलिग्रॅम लिग्नोकेन असतं, त्यातलं साधारण ३ टक्केच अंगात जातं.

पण मग उरलेलं कुठे जातं, हे मेसेज लिहिणाऱ्याच्या डोक्यात आलंच नाही. ते पट्टीतच राहतं. वापरून झालेल्या पट्टीतही किमान ६६५ मिलिग्रॅम. लहान मूल किंवा घरातलं कुत्रं-मांजर ती चघळलं तर जीवावर बेतू शकतं. मेसेजचा शेवटचा मुद्दा काय, तर "पट्टी फेकू नका, फ्रिजला चिकटवून ठेवा, तीनदा वापरता येते."

मावशीच्या फ्रिजच्या दाराला सहा पट्ट्या होत्या, नातवाच्या हाताला येतील एवढ्या उंचीवर. तो दीड वर्षाचा आहे आणि सध्या त्याला दिसेल ते तोंडात जातं. मी एकेक सोलून काढली, चिकट बाजू आत घेऊन घडी घातली, बरणीत कोंबून झाकण लावलं, बरणी कचऱ्यात टाकली आणि हात धुतले. मावशी मागे उभी राहून हळहळत होती, "अगं, नव्यासारख्या होत्या गं."