अमावस्येची माशी

गटारीच्या सकाळी चिकनच्या दुकानासमोर रांगेत उभं राहून "मला नुसती पिसं हवीत" असं कुणी म्हणू नये. मी म्हणालो. निदान पुढचं "काळ्या गावठी कोंबडीची, मानेवरची" एवढं तरी गिळायला हवं होतं. तेही म्हणालो, आणि लांबूनच, ओरडून.

दुकानातला सुरा थबकला. रांग गप्प झाली. उद्यापासून श्रावण, त्यामुळे रांग पार किराणा दुकान ओलांडून गेलेली. माझ्या मागं एक काका होते. हाफ पँट, बनियन, हातात झाकणाचा स्टीलचा डबा. प्लास्टिकच्या पिशवीला बंदी आहे, हे त्यांनी एव्हाना तिघांना ऐकवलं होतं. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि हलक्या आवाजात विचारलं,

"कुणावर?"

"काय कुणावर?"

"अहो, काळी कोंबडी, त्यात अमावस्या. कुणावर करताय?"

"ट्राउटवर."

"ख्रिश्चन आहेत का?"

ट्राउट हा मासा आहे, थंड पाण्यात राहतो, हिमाचलात आणि काश्मीरात सापडतो, एवढं सांगेपर्यंत दोन गिऱ्हाइकं उरकली. काकांचं समाधान झालं नाही.

"मासा हिमाचलात. कोंबडी इथं. मधे काय?"

"मधे माशी. पिसाची माशी बांधायची, हुकवर."

"आणि ती जिवंत होते?"

"पाण्यात गेली की होते," मी म्हणालो, आणि इथंच माशी शिंकली. ओल्या माशीचं सगळं मर्म त्या चार शब्दांत आहे, पण ते सांगायचा दिवस अमावस्या नव्हे.

"कायदा आहे बरं का," काका आता सगळ्या रांगेला ऐकू जाईल असं म्हणाले. "जादूटोण्याचा. २०१३ चा. अजामीनपात्र. सहा महिने ते सात वर्षं."

आता जरा बाजूला होऊन सांगतो, कारण रांगेत कुणी ऐकून घेतलं नाही. गळाला लावायच्या या खोट्या माश्यांत दोन पंथ आहेत. कोरडी माशी पाण्यावर तरंगते. तिला कोंबड्याच्या मानेचं ताठ, चकचकीत पीस लागतं. ओली माशी पाण्याखाली जाते. तिला कोंबडीचं मऊ, पाणी पिणारं पीस लागतं. कोरडीवाले बहुतेक मक्षिकास्थाने मक्षिका करणारे: नदीवर जो कीटक दिसला त्याचे पंख, शेपटी, रंग, सगळं हुबेहूब. ओलीवाला कशाचीच नक्कल करत नाही. ट्राउटचं बहुतेक खाणं पृष्ठभागाखाली होतं. तळातून वर निघालेले, धड अळी नाही धड माशी नाही असे कीटक तो वाटेतच गिळतो. प्रवाहात मऊ पिसाचे तंतू मिटतात, उघडतात, पुन्हा मिटतात. माशाला एवढा श्वास पुरतो. मला तर माशापेक्षा जास्त पुरतो. बादलीत माशी बुडवून बघत बसण्यात पावसाळ्यातल्या पुष्कळ संध्याकाळी जातात.

परंपरेनं हे पीस विलायती तित्तराचं. आपला तित्तर १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं संरक्षित आहे, तेव्हा त्याच्याकडे बघायचंसुद्धा नाही. ठिपकेदार तपकिरी गावठी कोंबडीच्या पाठीचं पीस त्याच्या जागी चालतं, आणि काळ्या चिलटांसाठी काळ्या कोंबडीचं. दुकानात सोलतात त्या ब्रॉयलर पांढऱ्याफटक, काही उपयोगाच्या नाहीत. हे सगळं मी दुकानवाल्या भाईंना नम्रपणे सांगितलं. ते म्हणाले, "कडकनाथ देऊ का? पूर्ण घ्यावी लागेल."

रांगेत अजून पंधरा माणसं होती, म्हणून मी काकांना कृती सांगायला घेतली. वाटलं, तपशील ऐकला की संशय फिटेल.

हुक १४ नंबरचा. नंबर वाढला की हुक लहान होतो. ("उलटं कसं?" "आहे तसंच.") नारिंगी रेशमी दोरा मेणातून ओढून घ्यायचा, म्हणजे तो निसटत नाही आणि रंगही गडद होतो. हुकच्या डोळ्यामागं (डोळा म्हणजे नायलॉन ओवायचं भोक) दीड-दोन मिलिमीटर जागा मोकळी सोडून सुरुवात, मग वेढ्याला वेढा चिकटवत मागं, हुकचं टोक जिथं येतं त्याच्या सरळ वर पोचेपर्यंत, आणि तसंच परत पुढं. झालं शरीर. पुढं पिसाच्या बुडाशी असलेली लव काढून टाकायची, टोकाकडून ते बांधायचं आणि गोल फिरवायचं. दोन वेढे. तिसरा नाही. तंतू मागं हुकच्या वाकापर्यंतच पोचले पाहिजेत. लांब झाले तर मासा पिसालाच तोंड लावून निघून जातो. शेवटी चार-पाच वेढ्यांची गाठ आणि वर नेलपॉलिशचा थेंब.

नवशिका हमखास दोन चुका करतो. पीस महागाचं, म्हणून सगळं गुंडाळतो. माशीचा बाटली धुवायचा ब्रश होतो, तो बुडतही नाही आणि हलतही नाही. नाहीतर डोळ्यामागची जागा सोडत नाही. मग बर्फाच्या पाण्यात गोठलेल्या बोटांनी नायलॉन ओवताना कळतं की डोळा नेलपॉलिशनं बुजलाय. त्यासाठी खिशात टाचणी ठेवावी.

"टाचणी," काकांनी मान डोलावली. "टाचणी लागतेच."

मला घाम फुटला. म्हटलं, थोडा इतिहास घालावा, वजन येतं. १८५४ मध्ये स्कॉटलंडच्या ट्वीड नदीवर ग्रीनवेल नावाच्या एका पाद्र्यासाठी जेम्स राइट या माशी बांधणाऱ्यानं एक ओली माशी बांधली. ती ग्रीनवेल्स ग्लोरी म्हणून आजही चालते. पिवळं रेशीम, पण ते चपला शिवायच्या दोऱ्याला लावतात त्या काळपट मेणातून ओढलेलं, म्हणजे पिवळ्याचा शेवाळी होतो. त्यावर सोनेरी तार. तारेच्या जागी आपली पैठणीतली जरसुद्धा...

"चपलेचं मेण, पाद्री, पैठणीची जर, काळं पीस, टाचणी," काकांनी बोटं मोजली. "आणि लिंबू कधी?"

"लिंबू शेवटी. तळल्यावर."

रांगेत कुणीतरी हसलं. काका नाही.

"आणि मासा लागतो कसा?"

आता माझ्या हातात छत्री होती हे माझं दुर्दैव. पाण्यात उभं राहून आडवी, थोडी खालच्या अंगाला दोरी टाकायची, साधारण पंचेचाळीस अंशांत. मधला प्रवाह जोरात असतो, तो दोरीला पोट काढतो आणि माशी कुत्रं ओढल्यासारखी फरफटत जाते. म्हणून दोरी पडल्या पडल्या काठीच्या शेंड्यानं ते पोट उचलून वरच्या अंगाला टाकायचं. मग काही करायचं नाही. माशी कमानीत फिरत काठाकडे येते, ताणली जाते, वर उठते. तिथं पाच मोजायचे. बरेचसे ट्राउट तिथंच, पाठलाग करून करून, शेवटच्या क्षणी घेतात. कोपरापर्यंत झटका येतो. आपण हिसका द्यायचा नाही. मासा स्वतःच वळून अडकतो. हिसका दिला की बारीक नायलॉन तुटतं आणि संध्याकाळभर बांधलेली माशी माशाच्या जबड्यात राहते.

मी छत्रीनं ती कमान काढली, पाच मोजले, तशी रांग दोन पावलं मागं सरली. एका बाईंनी मुलाला पदराआड घेतलं.

खरं सांगायचं तर इथं मला हसू यायचं बंद झालं. पन्नास माणसं कोंबड्या कापून न्यायला उभी आहेत, पिंपभर पिसं कचऱ्यात चालली आहेत, आणि त्यातली मूठभर मागणारा तेवढा अघोरी. हीच पिसं परदेशातल्या दुकानांत 'इंडियन केप' म्हणून पाकिटात विकतात. आणि नदीवर तरी काय वेगळं आहे? हिमाचलातल्या तीर्थन नदीच्या खोऱ्यात वीजप्रकल्प नकोत म्हणून तिथले लोक कोर्टापर्यंत भांडले. नोव्हेंबर ते फेब्रुवारी ट्राउट अंडी घालतो, म्हणून मासेमारी बंद. जुलै-ऑगस्टमध्ये पाणी गढूळ, माशाला माशी दिसतच नाही. राहता राहिले मार्च ते जून, आणि पावसाळ्यानंतरचा महिना-दीड महिना. परवाना काढून, तीन बस बदलून तिथं जावं, तर आपलीच मराठी मंडळी त्याच डोहात बिअरच्या बाटल्या गार करायला लावून, वर स्पीकर ठेवून बसलेली. माशी मारायला आलेला वेडा मी. "लागतंय का काही?" हे वर. डोहात गाडी धुतल्यावर काय लागणार, साबण?

असो. माझा नंबर आला. भाईंनी मानेची चार कातडी पिसांसकट वर्तमानपत्रात बांधून दिली, दोन काळी, दोन तपकिरी, आणि पैसे घेतले नाहीत. (घरी आल्यावर चरबी खरवडायची, आतून मीठ चोळायचं, पुठ्ठ्यावर टाचण्यांनी ताणून आठवडाभर सावलीत वाळवायचं, मग डब्यात बंद करून फ्रीझरमध्ये, नाहीतर कसर लागते. फ्रीझरमध्ये पुरणाच्या डब्याशेजारी ठेवू नये. एवढंच सांगतो.)

मी निघालो तर काका आपला नंबर सोडून माझ्या मागं आले. गटारीच्या रांगेतला नंबर! इकडं तिकडं बघून म्हणाले, "माझा विश्वास नाही हं यावर. पण एक भाडेकरू आहे. अकरा महिन्यांचा करार, तीन वर्षं झाली, हलत नाही. तुम्ही नाहीतरी करताच आहात, तर..."

"काका, ही माशी फक्त वाहत्या गार पाण्यात चालते. पंधरा अंशांच्या आत असलं तर उत्तम. वीसच्या वर पाणी गेलं की ट्राउट खायचंच सोडतो."

काका विचारात पडले. "मुळशीला आणला त्याला, तर?"

"मुळशीचं पाणी कोमट. सह्याद्रीत कुठंच जमायचं नाही."

त्यांनी रिकाम्या डब्याचं झाकण उघडलं, पुन्हा लावलं.

"तीर्थनला दोघांना जायला किती लागतील?"