डबा घासलास का?

मुलांना जबाबदारी शिकवायची तर घरातलं कोणतं काम द्यावं, असं कुणी विचारलं तर मी डोळे झाकून सांगतो: शाळेचा डबा. झाडांना पाणी घालायला सांगू नये, त्यात झाडाचा जीव जातो. दूध आणायला पाठवू नये, उरलेले सुटे पैसे चॉकलेटच्या रूपात परत येतात. डबा बरा. रोजचा असतो, ज्याचा त्याचा असतो, आणि कामात कुचराई झाली तर वास मारून तो स्वतःच तक्रार करतो.

काम म्हणाल तर चार मिनिटांचं. पण ते संध्याकाळी साडेपाचला सुरू होतं आणि रात्री साडेदहाला, मूल झोपल्यावर, मोठ्यांपैकी कुणीतरी चोरून तोच डबा पुन्हा घासला की संपतं.

हातांनी काम करून शिकावं, हे आपल्याकडे आज निघालेलं खूळ नव्हे. १९३७ साली वर्ध्याच्या शिक्षण परिषदेत गांधीजींनी नई तालीम मांडली. १९६६ साली कोठारी आयोगाने कार्यानुभवाची शिफारस केली आणि वेळापत्रकात त्या नावाचा तास आला. त्याचं पुढे काय झालं, ते रात्री अकरा वाजता क्रेप कागदाची फुलं करत बसलेल्या आईबापांना विचारा. कार्य पालकांचं, अनुभव कुणालाच नाही, श्रेणी मुलाला. डब्याचंही तेच व्हायला वेळ लागत नाही.

पहिली अडचण दारातच. डबा दप्तरातून बाहेर यायला हवा. दप्तर एकदा कोपऱ्यात पडलं की ते सकाळपर्यंत उघडत नाही, आणि शुक्रवार असेल तर सोमवारपर्यंत. पावसाळ्यात बटाट्याची भाजी अडीच दिवस कोंडून ठेवली की आंबते, आत वायू धरतो आणि कडी उघडताना डबा ‘फुस्स’ करतो. त्या क्षणी घरातल्या सगळ्यांना दुसऱ्या खोलीत काहीतरी काम आठवतं. यावर उपाय एकच: डब्याची वेळ घड्याळाला बांधायची नाही, बुटांना बांधायची. साडेसहाला घास म्हटलं तर साडेसहाला खाली क्रिकेट असतं. बूट मात्र रोज निघतात. बूट काढले की डबा काढायचा, मग क्रिकेट.

पाच-सहा वर्षांच्या मुलाने एवढंच करावं, आणि वर खरकटं ओल्या कचऱ्यात टाकून डब्यात पाणी भरून ठेवावं. घासणं सात-आठच्या पुढे. मुलांचा कल डबा थेट सिंकमध्ये उपडा करण्याकडे असतो. मग भाताची शितं जाळीत बसतात, वरून पोळीचा तुकडा बूच होतो आणि पाणी तुंबतं. या टप्प्यावर आपल्याला पोळीखाली पुरलेली दोडक्याची भाजी दिसते. दिसू द्यावी. तिच्यावर भाषण केलंत तर उद्यापासून दोडका शाळेतल्या कचरापेटीत जाईल, डबा चाटूनपुसून घरी येईल आणि तुम्ही शेजारणीला सांगाल, ‘आमचा सगळ्या भाज्या खातो हो.’

आता घासणं. साबण मुलाच्या हाती बाटलीने देऊ नये. निम्मी बाटली संपते, फेसाचा हिमालय होतो, आणि तो विसळायला बादलीभर पाणी जातं. वाटीभर पाण्यात चमचाभर साबण कालवून त्यात घासणी बुडवायला द्यावी. तारेची घासणी नकोच, प्लास्टिकवर चरे पडतात आणि त्या चऱ्यांत उद्याची हळद मुक्कामाला येते. दह्यादुधाचा डबा आधी गार पाण्याने विसळावा. गरम पाणी आधी घातलं तर दूध भांड्याला धरून बसतं. तुपातेलाला मात्र गरमच पाणी. हे उलटसुलट मुलांच्या लवकर लक्षात राहतं, कारण त्यात मोठ्यांना चुकलेलं पकडता येतं.

हळदीचा डाग हे या कामातलं खरं आमिष. भांड्यांच्या वडीचा साबण अल्कधर्मी असतो. तो पिवळ्या डागावर लागला की डाग लालभडक होतो. दुसरी-तिसरीतलं पोर हे पाहायला आपणहून सिंकपाशी येतं. तेवढ्यात घासून घ्यावं. स्टीलवर काही राहत नाही, पण प्लास्टिकचं झाकण पिवळं ते पिवळंच. ते धुऊन उन्हात ठेवावं, डाग फिका पडत जातो. उन्हाने न जाणारा डाग नुसत्या ताकदीने जाईल, हा समज घरातल्या पुरुषमंडळींचा.

झाला डबा स्वच्छ? हे ठरवण्याचा मक्ता आपल्याकडे ठेवू नये, नाहीतर रोज परीक्षक आणि परीक्षार्थी असा खेळ होतो. तपासणी मुलाच्या बोटाकडे द्यावी. ओल्या डब्यात आतून बोट फिरवायचं. कुचकुच वाजलं तर झाला, सुळकन सरकलं तर तेल आहे. कोपऱ्यांत सरकतंच, कारण घासणी फिरते गोल आणि डबा चौकोनी. विसळताना नळाची धार करंगळीएवढी. मग डबा जाळीवर तिरपा ठेवायचा. ओट्यावर सपाट पालथा घातला तर आत ओल कोंडते आणि सकाळी पोळीला घाम फुटतो. झाकण वेगळं. रिंग वेगळी.

रिंग. सगळं घोडं इथे अडतं.

कड्यांच्या डब्याच्या झाकणात खाचेत एक रबरी रिंग असते. डब्याच्या पोटात काय आहे ते कुणालाही दिसतं, रिंगेखाली काय आहे ते कुणालाच पाहायचं नसतं. तिथे तेल, ओल आणि दिवस साठतात, मग काळे ठिपके धरतात. ती बुरशी. चकचकीत डब्याला वास का येतो, याचं उत्तर दहापैकी नऊदा तिच्याखाली सापडतं. रिंग चमच्याच्या दांड्याने उचकटायची. सुरीने काढली तर चीर पडते. मूल दातांनी काढू पाहतं, त्याला ‘नको’ एवढंच म्हणावं. आणि बसवताना तिला सुलट-उलट असतं. उलटी बसली तरी झाकण लागतं, कड्याही लागतात, आणि आपण निर्धास्त होतो. मग भूगोलाच्या वहीत कोकण किनाऱ्यावरून वरण आत शिरतं आणि मधल्या सुट्टीपर्यंत विदर्भ गाठतं. म्हणून रिंग बसवल्यावर डब्यात आधी नुसतं पाणी भरायचं, झाकण लावायचं आणि डबा सिंकवर उलटा धरायचा. दहा आकडे मोजेपर्यंत गळलं नाही, तर पुढे जायचं.

एवढं सगळं मूल महिनाभरात शिकतं. मोठ्यांना वेळ लागतो. एक तर आजी. ‘एवढ्याशा हातांनी काय घासतंय ते, आण इकडे’ म्हणून ती डबा काढून घेते आणि तीन आठवड्यांची तपश्चर्या पाण्यात. आजीला थेट विरोध करू नये. तिला परीक्षक नेमावं. मग तीच ‘कोपऱ्यात तेल आहे रे सोन्या’ म्हणून डबा परत पाठवते, आणि तेही आपल्याला जमलं नसतं इतक्या कडकपणे. दुसरे, बक्षीसवाले. डब्यामागे पाच रुपये ठरवले की पोरगं आठवड्यात विसळण्याचे वेगळे मागतं आणि दिवाळीच्या साफसफाईचं कोटेशन तोंडपाठ म्हणून दाखवतं. तिसरे, रात्री साडेदहाला चोरून पुन्हा घासणारे. हे मला सगळ्यात घातक वाटतात. मुलं झोपलेली नसतात.

आणि चौथे आपण सगळेच: ‘डबा घासलास का?’ हे दर दहा मिनिटांनी विचारणारे. घासायला चार मिनिटं लागतात, खरं काम आहे ते लक्षात ठेवायचं, आणि तेच आपण मुलाला देत नाही. दिवसातून एकदा विचारावं, पुढे जीभ दाताखाली. विसरला तर सकाळी ओरडू नये, डबा घासूनही देऊ नये. पोळीचा गुंडाळा आणि कोरडी चटणी आइस्क्रीमच्या रिकाम्या प्लास्टिकच्या डब्यात भरून, वरून दोन रबर लावून हातात द्यावा. मधल्या सुट्टीत मित्रांपुढे तो डबा काढणं म्हणजे काय, हे सांगायला लागत नाही. उपाशी कुणी राहत नाही. फार तर दोन फेऱ्या लागतात.

एवढं जमल्यावरही एखाद्या सोमवारी सकाळी पावणेसातला रिंग नसते. जाळीत नाही, खुंटीवर नाही, ओल्या कचऱ्यात हात घालूनही नाही. संध्याकाळी भांड्यांच्या दुकानात जावं तर, ‘नुसती रिंग नाही मिळत, डबाच घ्या.’ घ्यावा लागतो. जुन्या डब्यात शर्टाची बटणं, सुया आणि खोबरेल तेलाचं जास्तीचं बूच जाऊन बसतं. आणि नवा डबा पहिल्यांदा घासताना साबणदाणीच्या मागे, भिंतीला चिकटलेली जुनी रिंग हाती लागते. बोट फिरवून पाहावं, तर कुचकुच वाजते.