आधी फ्रेम, मग इंजिन

सोलापुरात माझा पुतण्या आणि त्याचे मित्र सायकलला इंजिन बसवायच्या तयारीला लागलेत. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतल्या एका लेथवाल्याशी बोलणंही झालंय. त्यांच्या गटात रोज एकच वाद चालतो: सायकलला जोडायच्या इंजिनाचं ‘८० सीसी’चं टू-स्ट्रोक कीट घ्यायचं की ४९ सीसीचं फोर-स्ट्रोक? मी नेदरलँड्समध्ये, आइंडहोवनला राहतो. इथून तो वाद वाचताना वाटतं, पोरांनी उलट्या टोकाने सुरुवात केलीय.

ते ८० सीसी बहुतेक कीटमध्ये ८० नसतंच. बोअर (सिलिंडरचा व्यास) ४७ मिलिमीटर, स्ट्रोक (पिस्टनची धाव) ३८. हिशोब केला की जेमतेम ६६ भरतात. पण आकडा बाजूला ठेवू. टू-स्ट्रोक फ्रेमला आवळलं की त्याची थरथर प्रत्येक जोडात उतरते. पोरांना आवडलेल्या अ‍ॅल्युमिनियमच्या गिअरवाल्या सायकलीची नळी जाड, कीटच्या क्लॅम्पमध्ये मावत नाही. मग कुणीतरी नळीलाच भोक पाडून बोल्ट घालतं आणि पुढे तिथूनच ती तडकते. त्यापेक्षा आपली काळी, डबल बारची सायकल कितीतरी बरी. पोलादी नळ्या, मोठा त्रिकोण, इंजिनाला ऐसपैस जागा, वेल्डिंग गल्लीत होतं. तिचे सळईचे ब्रेक मात्र काढायलाच हवेत. पावसात ओल्या रिमवर रबर धरत नाही. पुढे ड्रम किंवा डिस्क बसेल असा फोर्क (पुढचं चाक धरणारा चिमटा) आधी शोधा. ताशी १५ किलोमीटरची सायकल ४५ने पळवली तर थांबवताना नऊपट ऊर्जा जिरवावी लागते, आणि एवढ्या वादात ब्रेकचं नावही कुणी काढलेलं नाही.

मागचा स्प्रॉकेट (चेनचं दातेरी चाक) रबराच्या चकत्यांमध्ये धरून स्पोकांना आवळायची कीटमधली पद्धत मला मुळीच पटत नाही. चेनची सगळी ओढ स्पोकांवर येते. हबला, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्याला, घट्ट बसणारा अ‍ॅडॉप्टर लेथवर होतो, तो करून घ्या. फोर-स्ट्रोक रुंद असतं, त्यामुळे पायडलसाठी लांब एक्सलचा क्रँक लागतो. पण तेल पेट्रोलमध्ये मिसळावं लागत नाही, आवाज कमी. दोन्हींत निवडायचं तर मी तेच निवडेन.

इथे स्पार्टा या डच कंपनीची स्पार्टामेट नावाची सायकल होती. झाक्स या जर्मन कंपनीचं ३० सीसीचं इंजिन मागच्या हबमध्ये आणि सायकल त्याच हिशोबाने बांधलेली. निळ्या नंबरप्लेटच्या मोपेडला इथे ताशी २५ किलोमीटरची मर्यादा आहे आणि १ जानेवारी २०२३ पासून हेल्मेट सक्तीचं. वेग वाढवलेल्या फॅटबाइक (जाड टायरच्या विजेच्या सायकली) पोलीस वेग मोजणाऱ्या रोलरवर चढवून तपासतात. ही शिस्त मला मनापासून आवडते. पण ती जशीच्या तशी सोलापूरला लावा, असं मी म्हणणार नाही. इथे २५चा वेग सुखाचा वाटतो कारण सायकलला वेगळा रस्ता आहे. हंगामात होटगी रोडवर उसाच्या ट्रॉल्यांच्या शेजारून २५ने जाणं ही वेगळीच गोष्ट. उलट सोलापूरकडे जे आहे ते इथे नाही: यंत्रमागाच्या धंद्यावर तयार झालेले जॉबर (माग दुरुस्त करणारे), फिटर, वेल्डर. इथलं सायकलचं दुकान घरी बांधलेल्या गाडीला हातही लावत नाही.

कायदा दोन्हीकडे आहे. आपल्या १९८८च्या मोटार वाहन कायद्यात २५ सीसीपर्यंतचं इंजिन असलेली दुचाकी मोटार वाहन ठरत नाही. ४९ काय, ६६ काय, दोन्ही त्यापलीकडची. म्हणजे नोंदणी, लायसन्स, विमा आलाच, आणि घरी बांधलेल्या सायकलचं आरटीओत पासिंग होणं महाकठीण. धडक झाली तर विमा नाही आणि समोरच्याच्या उपचाराचा खर्च घरावर. २५० वॉटच्या आतली, ताशी २५च्या आतली पायडलवाली विजेची सायकल या कटकटीतून सुटते. सात रस्ता ते नवी पेठ एवढं फिरायला ती पुरते.

पेट्रोलच हवं असेल तर आपल्याकडे तयार उत्तर १९७२ सालीच आलंय. कायनेटिकची लुना: ५० सीसी, पायडल, इंजिनासाठीच आखलेली फ्रेम, ड्रम ब्रेक. नोंदणीचं नूतनीकरण झालेली एखादी सोलापुरात सापडेल. पोरांनी ती उघडावी, आणि लेथवाल्याला पहिलं काम तिच्या ब्रेकड्रमचं द्यावं.