आता एवढं केलंच आहे तर…

जुनी जीप नुसती हौसेखातर ठेवणारे लोक सुखी असतात. त्यांची जीप ताडपत्रीखाली असते. सुट्टीच्या दिवशी बाहेर येते, चार फोटो काढून घेते आणि परत झोपते. मला ते सुख नाही, कारण "शोभेला उभी करणार असशील तर आणू नकोस," अशी घरातून अट होती आणि मी ती तोंड भरून मान्य केली होती. रोज वापरणार, ऑफिसला नेणार, आईला दवाखान्यात नेणार! तेव्हा गाडी अजून लांब होती, त्यामुळे बोलायला काहीच जड गेलं नाही.

गाडी म्हणजे विलिस या अमेरिकन कंपनीची सीजे-३बी जीप. १९५३ ते १९६८ या काळात निघालेलं मॉडेल. खूण म्हणजे उंच बॉनेट. आधीच्या जिपांच्या इंजिनात सगळे व्हॉल्व्ह बाजूला, ब्लॉकमध्ये असायचे. हिच्यात इनटेकचे, म्हणजे हवा-पेट्रोल आत घेणारे, व्हॉल्व्ह डोक्यावर गेले, इंजिन उंच झालं, जुन्या बॉनेटखाली मावेना, म्हणून बॉनेटच वर उचललं. विषय संपला. दिसेल कसं, याची चिंता कुणी केल्याचं जाणवत नाही आणि मला ती नेमकी त्यासाठीच आवडते. बायकोच्या मते गाडी कायम शिंक येता येता राहिल्यासारखी दिसते.

मिस्त्रींनी पहिल्या दिवशी इंजिनाकडे ढुंकूनही पाहिलं नाही. एक लहान हातोडी घेतली आणि चेसिसवर, पत्र्यावर टकटक करत पुढून मागे सरकत गेले. ठण, ठण, ठण, थप. 'थप' आलं की थांबायचे, खडूने फुली मारायचे. थप म्हणजे तिथे पत्रा नाही, पुट्टी आहे. मागच्या चाकांपाशी पोचेपर्यंत ठण कमी आणि थप जास्त झालं. शेवटी त्यांनी खडू खिशात टाकला आणि म्हणाले, "साहेब, फुल्या कुठे नाहीत ते सांगतो, ते सोपं पडेल."

पत्राकाम झालं, रंग झाला, त्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही. खरी गंमत ब्रेकपासून सुरू झाली.

मूळ गाडीला चारही चाकांना ड्रम ब्रेक आणि ऑइलची लाइन एकच. एका चाकाशी गळती झाली की चारही चाकं एकदिलाने थांबायचं नाकारतात. त्यात मास्टर सिलिंडर पायाखाली, फरशीच्या खाली. ब्रेक ऑइल बघायचं तर फरशीवरचं झाकण खोलायचं. नाला ओलांडायला हे चालून जातं. पण सिग्नलला समोरचा अचानक थांबतो, तेव्हा कुठे चालतंय? म्हणून पुढे डिस्क ब्रेक बसवू असं मीच सुचवलं. मिस्त्री एवढंच म्हणाले, "बसवू की."

डिस्क बसली. मग जुनी रिम कॅलिपरला, म्हणजे डिस्कला चिमटीत धरणाऱ्या भागाला, घासायला लागली, म्हणून रिम बदलल्या. नव्या रिमला जुने बारीक टायर शोभेनात, म्हणून रुंद टायर आले. रुंद टायरमुळे स्टिअरिंग इतकं जड झालं की गाडी पार्क करून उतरल्यावर मला ऑफिसात पेन धरवेना. म्हणून इलेक्ट्रिक पॉवर स्टिअरिंग. ते करंट खातं, आणि गाडीत करंट तयार करायला जुना डायनॅमो, तोही ६ व्होल्टचा. म्हणून जास्त करंट देणारा अल्टरनेटर. अल्टरनेटर १२ व्होल्टचा, म्हणून बॅटरी, बल्ब, कॉइल, हॉर्न, काटे, झाडून सगळं १२ व्होल्टचं. शिवाय टायर उंच झाल्यामुळे स्पीडोमीटर खऱ्यापेक्षा कमी वेग दाखवू लागला. आम्ही फक्त ब्रेक बदलायला निघालो होतो. मारुतीचं शेपूट वाढत होतं आणि दर पेऱ्याला मिस्त्री मान खाली घालून तेच वाक्य म्हणायचे : "साहेब, आता एवढं केलंच आहे तर…"

या वाक्यात 'तर'च्या पुढे काहीही येऊ शकतं. एकदा क्लच आला होता.

मधल्या काळात मीही थोडा हात काळा करून घ्यावा म्हणून नवा कोरा पान्यांचा सेट आणला, मिलिमीटरचा. गाडी इंचातली. अर्धा इंच म्हणजे १२.७ मिलिमीटर. १२ चा पाना त्या बोल्टवर जात नाही. १३ चा जातो, समाधानाने फिरतो आणि बोल्टचे कोपरे खाऊन परत येतो. मिस्त्रींनी तो गुळगुळीत झालेला बोल्ट बोटाने चाचपला, माझ्याकडे पाहिलं आणि मला चहाच्या ऑर्डरची जबाबदारी दिली. ती मी शेवटपर्यंत निष्ठेने पार पाडली.

वायपर मात्र जुनाच ठेवायचा असा माझा हट्ट होता. हा वायपर विजेवर चालत नाही, इंजिनच्या व्हॅक्यूमवर, म्हणजे इंजिन हवा आत ओढतं त्या ओढीवर चालतो. म्हणजे अ‍ॅक्सिलरेटर सोडला की जोरात फिरतो आणि दाबला की मरगळतो. भर पावसात चढ लागला, गाडीला रेस दिली की वायपर काचेच्या मधोमध थांबून विचारात पडतो. पाय उचलला तर दिसतं, पण गाडी चढत नाही. दाबला तर गाडी चढते, पण कुठे ते दिसत नाही. शेजारच्या सीटसमोरचा वायपर तर हाताने फिरवायचा. पहिल्या पावसात बायकोने तो फिरवला, न बोलता, घरापर्यंत. दुसऱ्या दिवशी मीच मिस्त्रींकडे गेलो आणि म्हणालो, "आता एवढं केलंच आहे तर…"

आईची अडचण वेगळी होती. सीट तिच्या कमरेच्या वर. बाजूला धरायला दांडा बसवला, खाली पायरी बसवली, तरी चढताना ती "अरे, हिला जरा खाली बसायला सांग," म्हणते. चाकांवरचे धक्के झेलणारे स्प्रिंगचे पाटे मात्र मूळचे आहेत, त्यामुळे दवाखान्यात पोचल्यावर डॉक्टर कंबर केव्हापासून दुखतेय विचारतात तेव्हा ती माझ्याकडे बघते.

हायवेवर आम्ही फारसे जात नाही. अ‍ॅक्सलचा रेशो ५.३८ चा आहे, म्हणजे टॉप गिअरमध्ये चाकाच्या एका फेऱ्याला इंजिनाचे ५.३८ फेरे; ताशी ८० किलोमीटरला इंजिन मिनिटाला तीन हजारांच्या वर फेरे घेतं. २.२ लिटरचं ते इंजिन तेव्हा जे ओरडतं, त्यात गप्पा शक्य नसतात. इंजिनाचे फेरे कमी करणारा जादा गिअर, म्हणजे ओव्हरड्राइव्ह, बसवता येतो, हे मिस्त्रींनी अजून घरात कुणाला सांगितलेलं नाही.

एवढं सगळं होऊन गाडी आता खरोखर रोज चालते. सकाळी सुरू होते, ऑफिसला जाते, थांब म्हटल्यावर थांबते. पार्किंगवाल्याने एकदा चावी मागितली, आत बसला, जमिनीतून वर आलेले तीन दांडे बघितले आणि चावी दोन्ही हातांनी परत दिली.

पण मध्यंतरी फोर-व्हील-ड्राइव्हचा, म्हणजे पुढच्या चाकांनाही इंजिनाची ताकद देणारा, दांडा हलेना. मिस्त्री म्हणाले, वापरात नाही म्हणून जाम झालाय, अधूनमधून टाकत जा, पुढच्या अ‍ॅक्सललाही ऑइल फिरतं. मी म्हटलं, ऑफिसच्या वाटेवर टाकतो. तर तेही चालत नाही. या गाडीत पुढच्या-मागच्या अ‍ॅक्सलच्या मध्ये डिफरन्शियल, म्हणजे दोघांना वेगवेगळ्या गतीने फिरू देणारी गिअरची जोडणी, नाही आणि वळताना पुढची चाकं मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापतात. कोरड्या डांबरावर चाक घसरत नाही, मग सगळा ताण आतल्या गिअरांवर येतो. त्यासाठी माती पाहिजे, चिखल पाहिजे.

आता रोजच्या रस्त्यावर चालावी म्हणून एवढा उपद्व्याप केलेली गाडी घेऊन मी दर महिन्याला चिखल शोधत फिरतो. एका बांधकामाच्या मोकळ्या प्लॉटवर तो मिळाला. ऑफिसच्या कपड्यांत उतरतो, पुढच्या दोन्ही चाकांपाशी उकिडवा बसून फ्री-व्हील हब, म्हणजे चाक अ‍ॅक्सलला जोडायची-सोडायची कळ, हाताने फिरवून लॉक करतो, दांडा टाकतो आणि प्लॉटला सावकाश गोल चकरा मारतो. मग परत उतरतो, हब सोडतो, निघतो. पहिल्या वेळी वॉचमनने विचारलं, "साहेब, काही हरवलंय का?" डिफरन्शियलपासून सुरुवात करायची ताकद नव्हती. मी हो म्हणालो. गेल्या वेळी गेलो तर तो माझ्या आधीच काठी घेऊन गवत चाळत होता.