ओल आलेली भिंत

आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर परवा पुन्हा तोच वाद पेटला. चित्रकार वासुदेव गायतोंडे यांचं 1961 सालचं एक चित्र 2021 मध्ये लिलावात 39.98 कोटींना गेलं, त्या बातमीचं जुनं कात्रण कुणीतरी टाकलं. दादाने, म्हणजे माझ्या आतेभावाने, लगेच लिहिलं, ‘‘यात आहे काय? आपल्या चाळीच्या भिंतीला ओल येते ती याहून बरी.’’ खाली हसऱ्या चेहऱ्यांची रांग. मग मला प्रश्न: ‘‘तू तिकडे अमेरिकेत म्युझियमं हिंडतेस, तुला तरी कळतं का?’’

हे ‘कळतं का’ मला झोंबतं. गाण्याला आपण हे विचारत नाही. दादा दरवर्षी पुण्याला सवाई गंधर्व महोत्सवाला जातो, डिसेंबरच्या थंडीत शाल गुंडाळून आलापी ऐकतो, षड्ज लागला की डोळे मिटतो. त्या ‘आ’काराचा अर्थ काय, असं त्याने कधी कुणाला विचारलेलं नाही. मग रंगानेच काय घोडं मारलंय? आपल्याकडे चित्रकला म्हणजे एलिमेंटरी, इंटरमिजिएटच्या परीक्षा. स्थिरचित्र, स्मरणचित्र, घोटून पाठ केलेलं संकल्पचित्र, आणि दहावीला जादा गुण. इथे माझ्या लेकीच्या थर्ड ग्रेडची सहल म्युझियममध्ये गेली तेव्हा मी सोबत होते. वीस मिनिटं सगळी मुलं एकाच चित्रासमोर जमिनीवर बसली होती आणि बाई एवढंच विचारत होत्या, काय दिसतंय? आणखी काय दिसतंय? आपल्याला हे कुणी विचारलंच नाही.

2014 च्या हिवाळ्यात न्यूयॉर्कच्या गुगनहाइम म्युझियममध्ये गायतोंड्यांचं मोठं प्रदर्शन भरलं होतं. मी जर्सी सिटीत नवी होते. एच-वन व्हिसाचं एक्स्टेन्शन लटकलेलं, आणि ऑफिसात माझं नाव तोडून दोन अक्षरांवर आणलेलं; मीही त्याला ओ द्यायला लागले होते. शनिवारी एकटीच गेले, खरं तर ‘आपला माणूस’ एवढ्याच ओढीने. एका पिवळसर चित्रासमोर थांबले. रोलरने चढवलेले, पॅलेट नाइफने खरवडलेले पातळ थर. खालचा रंग वरच्यातून हळूहळू उजळत येत होता आणि नजर कुठे टेकत नव्हती. वर्षाकाठी मोजकीच चित्रं करणाऱ्या माणसाचं ते काम. त्याला घाई चालत नाही. तिथे माझं नाव नव्हतं, व्हिसा नव्हता. बंद व्हायची वेळ झाली म्हणून गार्ड जवळ आला, तेव्हा मी त्याला चक्क मराठीत म्हणाले, ‘‘हो, निघते.’’ कित्येक महिन्यांत इतक्या सहज मी काही बोलले नव्हते.

घरी परतताना पाथ ट्रेनमध्ये बसल्यावर ती भिंत डोळ्यांसमोर आली. गिरगावातली, मोरीच्या वरची, जुलैत फुगणारी. तापात पडले असताना मी तासन्‌तास तिच्याकडे बघत असायचे. चित्रात ती नव्हती, हे मला माहीत आहे. गायतोंडे आपल्या कामाला ‘नॉन-ऑब्जेक्टिव्ह’ म्हणत, म्हणजे कुठलीही वस्तू न दाखवणारं. कुणी त्यात भिंत शोधलेली त्यांना रुचली नसती. पण तेही गिरगावातल्या चाळीतच वाढले होते, आणि माझी भिंत मला परत मिळाली ती त्यांच्याकडून.

दादाला हे सगळं लिहायला बसले आणि हात थांबला. गायतोंडे ज्या शहरात वाढले, जेजे कलाशाळेत शिकले, तिथे मी चोवीस वर्षं काढली. पावसात जहांगीर आर्ट गॅलरीच्या छपराखाली कितीदा उभी राहिले, आत पाऊल टाकलं नाही. ‘आपल्याला काय कळतंय’ म्हणत पाऊस थांबला की चालू लागायचे. दादा आज जे म्हणतो तेच. फरक एवढाच की आमच्या त्या खोलीत तो अजून राहतो आणि मी त्या पिवळ्या रंगासाठी पाचव्या ॲव्हेन्यूपर्यंत गेले. त्याला भिंत रोज दिसते. मला ती दिसण्यासाठी आधी गमवावी लागली, आणि ही गोष्ट मिरवण्यासारखी आहे की नाही, ते मला ठरवता येत नाही.

चाळ पुनर्विकासाला गेली आहे. दिवाळीपर्यंत खोल्या खाली करायच्या आहेत. ग्रुपवरचं उत्तर मी पुसून टाकलं आणि दादाला वेगळा मेसेज केला: पावसाळा संपायच्या आत मोरीवरच्या भिंतीचा एक फोटो काढून ठेव. सकाळच्या उजेडात काढ, फ्लॅश लावू नकोस.